थकलेलं बिल, वसुलीचे फोन आणि सिबिल: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी बँकेत चौदा वर्षं होते, त्यातली चार वसुलीत. फोन करणाऱ्यांचं काम जवळून बघितलंय आणि ज्यांना फोन येतो त्यांची उडालेली झोपही. नोकरी सोडली तरी प्रश्न येणं थांबलं नाही, तेच तेच प्रश्न, फक्त माणूस वेगळा, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं. नियम भारतातले आहेत, काही फक्त महाराष्ट्रातले. एक गोष्ट जवळपास प्रत्येक उत्तरात येईल ती आधीच सांगते, तोंडी बोलण्याला इथे काही किंमत नाही, जे काय असेल ते लेखी घ्या.

१. लाईट बिल, पाणीपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स थकला तर सिबिल खराब होतं का?

नाही. महावितरण, महापालिका, सोसायटी हे काही तुम्हाला कर्ज देत नाहीत, त्यांची थकबाकी सिबिलकडे, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, जात नाही. ट्रॅफिकचं चलनही जात नाही. पण म्हणून सोडून देऊ नका, कारण त्यांच्याकडे वसुलीचे वेगळे रस्ते आहेत. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन कनेक्शन तोडता येतं (नोटीस न देता तोडलं तर तुम्ही भांडू शकता, आणि भांडा). मुंबई-पुण्यात मालमत्ता कर थकला की महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४, एवढं व्याज होम लोनलाही नसतं. सोसायटीही सहकार कायद्याखाली वसुली दाखला आणू शकते, तो काय प्रकार असतो ते प्रश्न १३ मध्ये आहे.

२. मग सिबिलमध्ये येतं तरी काय? आणि सिबिल सरकारी आहे का?

सरकारी नाही, कंपनी आहे, २००० साली सुरू झालेली. आपण 'सिबिल' म्हणतो पण अशा चार कंपन्या (क्रेडिट ब्युरो) आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात आणि त्यांच्यावर आरबीआयचं नियंत्रण आहे. बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्या), कार्ड कंपन्या, अर्बन बँका तुमच्या प्रत्येक लोनची माहिती चौघींना देतात. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती निदान दर पंधरा दिवसांनी द्यावी लागते, आधी महिन्याने जायची. त्यावरून ३०० ते ९०० मधला स्कोर निघतो. चौघींकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो त्यांच्याच वेबसाईटवरून काढा. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोर कमी होतो ही अफवा आहे.

३. पोस्टपेड नंबर बंद केला, शेवटचं ८०० रुपयांचं बिल राहिलं. एवढ्यासाठी काही होतं का?

होऊ शकतं. काही टेलिकॉम कंपन्या या ब्युरोंना माहिती देतात आणि मग रिपोर्टमध्ये टेलिकॉमचं खातं म्हणून ते बाकी दिसतं. लोकांना हे कळतं कधी, तर होम लोनची फाईल लागल्यावर. नंबर पोर्ट केला किंवा बंद केला की शेवटचं बिल मागून घ्या, भरा, पावती ठेवा. रक्कमच चुकीची वाटत असेल तर भरायच्या आधी तक्रार नोंदवून तक्रारीचा नंबर घ्या.

४. पगार उशिरा झाला, ईएमआय तीन दिवस लेट गेला. संपलं का सगळं?

नाही हो. बाऊन्स चार्ज लागेल, बँक दंड लावेल. (तो दंड मूळ रकमेत मिसळून त्यावर परत व्याज लावायचं नाही, हे आरबीआयने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात सांगितलंय, स्टेटमेंटमध्ये तपासा.) रिपोर्टमध्ये किती दिवस थकलं त्याचा आकडा महिन्यावार असतो, ३६ महिन्यांचा. ब्युरोला माहिती जायच्या तारखेला हप्ता थकीत असेल तर तो आकडा पडतो, एखादाच बारीक आकडा असला तर पुढे निभावून जातं. खरी घसरण ३०, ६० असे आकडे ओळीने दिसायला लागल्यावर, आणि ९० दिवस ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-बुडीत.

क्रेडिट कार्डला थोडी जास्त सवलत आहे, ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त झालं तरच लेट फी लावायची आणि थकीत म्हणून कळवायचं असा नियम आहे.

५. कार्डचं मिनिमम ड्यू दर महिन्याला भरतोय, मग वाढतंय कसं?

कारण मिनिमम भरलं की फक्त डिफॉल्ट टळतो, व्याज टळत नाही. ते व्याज महिन्याला ३ ते ४ टक्के, नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून, बिनव्याजी मुदत त्या काळात मिळतच नाही. मी वसुलीत असताना जी सगळ्यात अडकलेली माणसं बघितली ती उधळी नव्हती, दर महिन्याला न चुकता मिनिमम भरणारी होती, त्यांना वाटायचं आपण बिल भरतोय. जमत नसेल तर कार्ड वापरणं बंद करून बाकीचे हप्ते पाडून मागा, किंवा कमी व्याजाचं पर्सनल लोन काढून कार्ड एकदाच संपवा. कार्ड बंद करायची विनंती केली आणि बाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत बंद व्हायला हवं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत.

६. वसुलीवाले रात्री फोन करतात, ऑफिसात करतात, सासऱ्यांना पण केला. हे चालतं का?

नाही चालत. आरबीआयच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या सूचनेत स्पष्ट आहे, थकीत वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही. धमकी नाही, शिवीगाळ नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाईक, मित्र, रेफरन्स दिलेली माणसं यांना त्रास नाही, व्हॉट्सॲपवर भलतंसलतं पाठवणं नाही. वसुलीचं काम एजन्सीला दिलं तरी जबाबदारी बँकेचीच राहते, 'तो आमचा माणूस नव्हता' हे उत्तर चालत नाही.

महिला गटांचं मायक्रोफायनान्स असेल तर वेळ अजून कमी, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. वसुली ठरलेल्या जागीच, घरी यायचं ते फक्त बाई ओळीने दोन किंवा जास्त वेळा ठरलेल्या जागी आली नाही तर. गावाकडे घरासमोर बसून राहतात, भांडी उचलून नेऊ म्हणतात, बायका घाबरून शेजारून उसने घेऊन देतात आणि मग ती उसनवारी फेडायला दुसरं लोन. असं बसून राहायचा कुणालाही अधिकार नाही.

काय करायचं? कॉल रेकॉर्ड करा, तारीख-वेळ-नंबर वहीत लिहा, बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. त्या ईमेलमध्ये कर्ज नाकारू नका, फक्त फोन आणि वागणूक याबद्दल लिहा, आणि महिन्याला किती भरू शकता ते पण लिहा. एक कळकळीने सांगते, फोन उचलणं पूर्ण बंद करू नका. बंद केलं की फाईलवर 'संपर्क होत नाही' असा शेरा पडतो आणि फाईल जास्त कडक माणसाकडे जाते, मी स्वतः असे शेरे मारलेत. दिवसातून एकदा उचला, 'लेखी पाठवा, मी लेखी उत्तर देते' एवढं बोला आणि ठेवा.

७. घरी माणूस आलाय, म्हणतो आत्ता १० हजार द्या, केस बंद करतो. देऊ का?

रोख अजिबात नाही. आधी ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र बघा, एजंटकडे दोन्ही असावंच लागतं, आणि शाखेत फोन करून एजन्सीचं नाव विचारा. पैसे द्यायचे ते लोन खात्यातच, बँकेच्या ॲपवरून नाहीतर शाखेत. त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर गेलेले पैसे लोनमध्ये जमा झालेच नाहीत अशी प्रकरणं मी बघितलीत, आणि नंतर ते सिद्ध करता करता माणूस रडकुंडीला येतो.

८. 'अटक वॉरंट निघालंय' असा मेसेज आला. लोन थकलं म्हणून पोलीस पकडतात का?

कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे, त्यासाठी अटक होत नाही. असे वॉरंटचे मेसेज घाबरवायलाच असतात, खरं वॉरंट व्हॉट्सॲपवर वसुलीवाल्याकडून येत नाही.

याला अपवाद आहे आणि तो नीट समजून घ्या. चेक दिला असेल आणि बाऊन्स झाला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ लागतं, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड. खात्यातून आपोआप कापायचा हप्ता पैसे नाहीत म्हणून परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली तसाच खटला होऊ शकतो. १३८ मध्ये आधी नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर केस उभी राहत नाही, म्हणून पोस्टमनने आणलेली नोटीस परत पाठवणं हा सगळ्यात महागात पडणारा शहाणपणा. खोटी कागदपत्रं देऊन लोन काढलं असेल तर ती फसवणूक, तिथे पोलीस येऊ शकतात.

९. बँक म्हणते २ लाखांचे ९० हजार भरा, सेटल करून टाकू. करू का?

पैसे खरंच येणारच नसतील तर करा, पण काय करताय ते कळून करा. सेटलमेंट झाली की रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' येत नाही, 'सेटल्ड' येतं, आणि पुढचा बँकवाला ते वाचतो म्हणजे या माणसाने मागच्याला पूर्ण दिले नाहीत. ब्युरोंना माहिती निदान ७ वर्षं ठेवावी लागते. आरबीआयच्या जून २०२३ च्या चौकटीप्रमाणे ज्या बँकेशी तडजोड केली तिने शेतीकर्ज सोडून बाकी बाबतीत निदान १२ महिने नवीन कर्ज द्यायचं नाही. फोनवरचा माणूस यातलं काही सांगणार नाही, तो म्हणेल 'सर तुमचं सिबिल क्लीन होऊन जाईल'. होत नाही.

थोडा वेळ मिळाला तर पूर्ण भरता येईल अशी परिस्थिती असेल तर सेटलमेंट मागू नका, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा.

करायचीच ठरली तर आधी बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून पत्र घ्या. त्यात खाते नंबर, किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत आणि त्यानंतर काहीही बाकी राहणार नाही हे वाक्य हवंच. पैसे लोन खात्यातच, ठरलेल्या तारखेच्या आत, एक दिवसही उशीर नको, नाहीतर ऑफर रद्द होते आणि भरलेले व्याजात जातात. मग नो ड्यूज सर्टिफिकेट. माझ्या मावसभावाने एका बँकेला पैसे भरले आणि पत्र घ्यायचं राहून गेलं, चार वर्षांनी त्याच खात्यावर बाकी दाखवून फोन सुरू झाले, आणि त्याच्याकडे दाखवायला फक्त एक पुसट झालेली स्लिप होती. अजून तो निस्तरतोय.

१०. आधी सेटल केलंय, आता पैसे आलेत. ते 'क्लोज्ड' करून मिळेल का?

हो, मागता येतं. जी रक्कम सोडली होती ती भरायची तयारी आहे असं बँकेला लिहा, आकडा लेखी घ्या, भरा, नवीन नो ड्यूज घ्या आणि खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवायला सांगा. जुने थकीत दिवसांचे आकडे जात नाहीत, पण शेरा बदलतो, आणि कर्ज देणारे आधी शेराच बघतात.

११. रिपोर्टमध्ये 'रिटन ऑफ' आलंय. म्हणजे माफ झालं ना?

नाही, ही फार मोठी गैरसमजूत आहे. राइट ऑफ हा बँकेच्या हिशोबातला भाग, तुमचं देणं तसंच आहे आणि वसुलीही चालू राहते. स्कोरच्या दृष्टीने हा 'सेटल्ड'पेक्षा वाईट शेरा. कधीकधी बँक असं कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकलेली कर्जं विकत घेणारी कंपनी) विकते, मग रिपोर्टमध्ये अनोळखी नाव दिसतं आणि लोकांना फ्रॉड वाटतो. आधी मूळ बँकेकडून विकल्याचं पत्र मागवा, त्यानंतरच नव्या कंपनीशी बोला.

१२. तीन वर्षं काही भरलं नाही, आता कर्ज मुदतबाह्य झालं असं ऐकलं. खरं का?

अर्धं खरं. मुदत कायदा १९६३ प्रमाणे साध्या कर्जासाठी तीन वर्षांत दावा लावावा लागतो, घर गहाण असेल तर बारा वर्षं. पण मुदत संपायच्या आत तुम्ही लेखी कबुली दिली किंवा थोडे जरी पैसे भरले आणि त्याची लेखी नोंद झाली तर घड्याळ पुन्हा शून्यापासून, म्हणूनच जुन्या खात्यावर '५०० तरी भरा' असा आग्रह होतो. आणि मुदत संपली तरी देणं रिपोर्टमधून पुसलं जात नाही. रक्कम मोठी असेल तर एकही पैसा भरायच्या आधी वकिलाला विचारा.

१३. पतसंस्थेकडून '१०१ ची नोटीस' आलीय. दुर्लक्ष केलं तर?

करू नका, अजिबात करू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं हे कलम १०१. पतसंस्था किंवा सहकारी बँक उपनिबंधकाकडे अर्ज करते, तिथे चौकशी होऊन वसुली दाखला मिळतो आणि मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, जप्ती, लिलाव, जामीनदाराची पण. कोर्टातल्या दाव्यासारखी वर्षानुवर्षं चालत नाही, लवकर निकाल लागतो.

लोक नोटीस कपाटात ठेवतात, सुनावणीला जात नाहीत, आणि दाखला निघाल्यावर धावाधाव. तेव्हा कलम १५४ खाली रिव्हिजन (फेरतपासणीचा अर्ज) करता येतं पण त्यासाठी आधी वसूल करायच्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. म्हणून सुनावणीच्या तारखेलाच जा, भरलेल्या सगळ्या पावत्या न्या, व्याजाचा उतारा मागा, हिशोब चुकलाय तर तिथेच लेखी हरकत द्या. पतसंस्था आरबीआयखाली येत नाहीत, त्यामुळे प्रश्न १९ मधला लोकपाल इथे उपयोगाचा नाही.

१४. मित्राला जामीन राहिलो, त्याने हप्ते थांबवले. बँक आधी त्याच्याकडे जाईल ना?

तसं बंधन बँकेवर नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, बँक सरळ तुमच्याकडे येऊ शकते. ते कर्ज तुमच्या रिपोर्टमध्येही जामीनदार म्हणून दिसतं. तुम्ही भरलेत तर मित्राकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, भरल्याचे कागद जपा.

१५. वडील वारले, त्यांचं कार्ड आणि पर्सनल लोन थकलंय. मुलाने भरायचं का?

वडिलांकडून जे मिळालं तेवढ्यापुरतंच. घर, जमीन, ठेव वारसाने आली असेल तर त्या किमतीपर्यंत, स्वतःच्या पगारातून नाही. तुमच्या सिबिलवर ते येत नाही, मात्र तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर गोष्ट वेगळी (प्रश्न १४). मृत्यूचा दाखला लेखी अर्जासोबत लगेच द्या आणि लोनवर विमा होता का ते विचारा, कितीतरी लोनला असतो आणि घरच्यांना माहितीच नसतं. दुखवट्याच्या दिवसांत फोन करून मुलाकडून 'मी भरतो' असं लिहून घेतात, तिथे सही करू नका.

१६. पगार खात्यातून बँकेने परस्पर पैसे कापले. पीएफ पण घेतील का?

लोन आणि खातं एकाच बँकेत असेल तर करारात सेट-ऑफचं (खात्यातल्या पैशातून थकबाकी वळती करायचं) कलम बहुतेक असतंच आणि बँक कापू शकते. हप्ते जमत नाहीत असं दिसायला लागलं की पगार दुसऱ्या बँकेत वळवा, घरात दूध-भाजी तरी येत राहील. दुसऱ्या कुणाला पगारावर टाच आणायची तर कोर्टाचा हुकूम लागतो आणि तिथेही पगाराचा मोठा भाग सुरक्षित असतो. पीएफवर जप्ती येत नाही.

१७. लोन ॲपवाले फोटो मॉर्फ करून कॉन्टॅक्टमधल्यांना पाठवतायत. काय करू?

आधी घरच्या एका माणसाला सांगा, आत्ता, हे वाचून झाल्यावर. यात लाज वाटण्यासारखं तुमच्याकडे काही नाही, गुन्हा त्यांचा आहे. मग १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन, सायबर पोलिसांत तक्रार, स्क्रीनशॉट जपून, ॲपच्या परवानग्या काढा. सप्टेंबर २०२२ च्या नियमांपासून कर्ज देणाऱ्या ॲपला कॉन्टॅक्ट आणि गॅलरी बघायचा अधिकारच नाही, जे मागतं ते तिथेच चुकतं. एकाचं फेडायला दुसऱ्या ॲपवरून घेऊ नका. आणि पैसे दिल्याने हे थांबत नाही, अजून मागतात.

१८. पीक कर्जाला पण सिबिल बघतात. आणि सावकाराचं कर्ज त्यात येतं का?

सावकाराचं येत नाही. पण महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, परवाना नसलेली सावकारी हा गुन्हा आणि तारण म्हणून बळकावलेली जमीन परत मिळवायची तरतूद आहे, तक्रार तालुक्याच्या सहायक किंवा उपनिबंधकाकडे करा. पीक कर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका असं राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावलंय, मे २०२५ च्या बँकर्स समितीच्या बैठकीतही मुख्यमंत्र्यांनी तेच सांगितलं, तरी शाखेत अडवणूक होते. नकार तोंडी दिला तर लेखी मागा, आणि तो कागद घेऊन जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे जा.

१९. मी घेतलंच नाही ते लोन रिपोर्टमध्ये आहे, किंवा फेडलेलं अजून बाकी दाखवतंय. बँक ऐकत नाही.

बँक आणि ब्युरो दोघांकडे एकाच दिवशी तक्रार टाका. ३० दिवसांत निकाली निघायला हवी, नाही निघाली तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे आणि तक्रारीत त्याचा उल्लेख केला की काम हलतं असा माझा अनुभव. तरी झालं नाही तर आरबीआयचा लोकपाल, आरबीआयच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर, फुकट, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८. बँकेकडे तक्रार करून ३० दिवस थांबलेलं असावं लागतं, म्हणून तो पहिला तक्रार नंबर सांभाळा. सप्टेंबर २०२२ पासून ब्युरोविरुद्धही तिथे जाता येतं. कुणीतरी तुमच्या नावावर लोन काढलंय असं असेल तर जोडीला पोलीस तक्रार पण हवी.

२०. फ्लॅट घेतला, आधीच्या मालकाचं लाईट बिल थकलेलं निघालं. मी का भरू?

चिडायला होतं, पण सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये सांगितलंय की वीज नियमांत तशी तरतूद असेल तर जागेची जुनी थकबाकी नवीन मालकाकडून मागता येते. म्हणून खरेदीखताच्या आधी महावितरणचं शेवटचं बिल आणि सोसायटीची ना हरकत बघा. वीज कायद्यात दोन वर्षांची मर्यादाही आहे, जी रक्कम बिलात सलग थकबाकी म्हणून दाखवलेली नाही ती दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, जुनी बिलं मागवून हे तपासा.

२१. सगळं भरलं. स्कोर किती दिवसांत सुधारतो? एक जण १५ हजारांत ७५० करून देतो म्हणतोय.

पैसे भरल्याची नोंद यायला काही आठवडे, स्कोर चढायला महिने, कधी वर्ष-दोन वर्षं. एखादं छोटं लोन किंवा एफडीवर मिळणारं कार्ड घेऊन वेळेवर भरत राहणं एवढाच रस्ता. खरी माहिती कुणीही पैसे घेऊन पुसू शकत नाही, आणि चुकीची माहिती प्रश्न १९ प्रमाणे फुकट दुरुस्त होते, त्यामुळे ते १५ हजार तुमच्याकडेच ठेवा. लोन गहाणाचं होतं तर पूर्ण फेडल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासूनचा आहे. कागद हातात आले की तिथेच मोजून घ्या, मगच पोच द्या.